नालीवरून उडी

"शेखऱ्या, तुहं हे डुक्कर पुन्हा माह्या सोयाबीनच्या कडीनं दिसलं तं एकही टायर जागेवर ठेवणार नाई. आताच सांगून ठेवतो."

उत्तमराव वावरांमधल्या पांदणीत आडवा उभा होता. हातात विळा, धोतराचा सोगा खोचलेला. समोर त्याचा धाकटा भाऊ शेखर. आणि शेखरच्या मागं ते डुक्कर धडधडत उभं, स्टेअरिंगवर शेखरची पोरगी रागिणी. मी शेजारच्या माझ्या वावरात तुरीत डवरा हाकत होतो. बैल थांबवले. भांडण काही माझं नव्हतं, पण दोघा भावांच्या मधी विळा दिसला की माणसानं जवळपास असलेलं बरं.

"दादा, पांदन सरकारी हाये," शेखर म्हणाला. "तुह्या वावरात चाकही नाई गेलं."

"धूळ तं गेली ना. पाह्य, पानं कशी पांढरी पडली."

"धुयीनं सोयाबीन मरत नाई. पोटातल्या जयफयीनं मरते."

उत्तमरावनं विळा उगारला नाही. त्यानं फक्त रागिणीकडं पाहिलं आणि म्हणाला, "पोट्टीले पँट घालून उड्या मारू देतं. उद्या कोण सोयरीक करीन इच्याशी? सारा पातूर तालुका हासून राहिला आपल्या घराण्याले."

रागिणीनं इंजिन बंदही केलं नाही. "मोठेबाबा, बाजूले व्हा. ब्रेक ढिला हाये," ती म्हणाली. उत्तमराव बाजूला झाला. पण त्या दिवशी त्यानं मनात जे धरलं, ते पुढं सगळ्या गावानं पाहिलं.

डुक्कर म्हणजे ती गाडी. नाव गावानं पाडलं. शेखर पंधरा-वीस वर्षं अकोल्याला एका गॅरेजात मेस्त्री होता. बाप मेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा तो गावी आला. उत्तमरावनं खालचं काळं वावर घेतलं, वरचं सोयाबीनचं घेतलं, आणि पांदणीच्या पार टोकाला घाटाच्या पायथ्याशी जो मुरमाड बरड होता, तो धाकट्याच्या गळ्यात घातला. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. शेखरची बायको इंदूबाई, हाडानं बारीक, अंगापिंडानं पोरीपेक्षाही हलकी. तिनं त्या बरडावर सीताफळं लावली. खालच्या नाल्यातून डोक्यावर हंडे नेऊन दोन उन्हाळे तिनं ती झाडं जगवली. गाव म्हणायचं, ही बाई दगडाला पाणी पाजून राहिली.

झाडांना मोठं व्हायला वेळ लागतो. तोवर शेखर आणि रागिणीनं बरडावर दुसरंच पीक काढलं. रागिणी अकोल्याला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेली. मोडक्या गोठ्याचे लोखंडी पाइप, भंगारातल्या मोटरसायकलचं इंजिन, छोट्या ट्रॅक्टरची पुढची चाकं, कोण्या जुन्या मारुतीचं स्टेअरिंग, असं सारं जोडून बापलेकीनं गाडी उभी केली. छत नाही, दार नाही, नुसता सांगाडा. पहिली गाडी पहिल्याच ढिगावरून उडवली आणि कमरेतून मोडली. दुसरीला त्यांनी चारी बाजूंनी शॉकअप लावले, सीटला पट्टा बसवला. ती मुरमाच्या ढिगावरून उडायची, खाली पडायची, आणि रानडुकरासारखी नाकाडानं माती उकरत पुढं पळायची. म्हणून डुक्कर.

इंदूबाई दोघांनाही शिव्या घालायची. "झाडायले आळे कराचे सोडून बापलेक गोट्या खेयून राहिले," म्हणायची. पण एकदा मी माझ्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाहिलं, बरडावर तीच गाडीत बसलेली होती. पदर कमरेला खोचून तिनं एका बुटक्या ढिगावरून गाडी उडवली. शेखर आणि रागिणी टाळ्या वाजवत होते. तिला वाटलं कोणी पाहत नाही. मीही मान फिरवली.

आता उत्तमरावला खरा राग धुळीचा नव्हता. रस्त्याच्या कामासाठी मुरूम पाहिजे होता, आणि एक ठेकेदार बरड विचारत फिरत होता. जो तुकडा कचरा म्हणून भावाला फेकला, त्याला गिऱ्हाईक आलं. शेखरनं "झाडं हायेत, देत नाई" म्हटलं, तेव्हापासून उत्तमरावच्या डोळ्यात ते डुक्कर सलायला लागलं.

विळ्याच्या भांडणानंतर दोन-तीन दिवसांत त्यानं जेसीबी आणला आणि पांदणीत आडवी नाली खोदली. नाव दिलं, वावरात पाणी शिरते म्हणून चर काढला. माणूस उतरून चढून जाईल, पण बैलबंडी नाही, मोटरसायकल नाही, डुक्कर तर नाहीच. गाडी तेव्हा बरडावरच होती. ती तिकडंच अडकली. शेखरनं एक दिवस राबून नाली बुजवली, तर उत्तमरावनं दुसऱ्या दिवशी ती दुप्पट रुंद केली. शेखर तहसीलला गेला. तिथं तारीख मिळाली.

"देवमनभाऊ," शेखर मला म्हणाला, "दादाचं सोयाबीनही नालीच्या वरच्याच अंगाले हाये. त्याचा टॅक्टर कोठून जाईन?"

"माह्या वावरातून," मी म्हटलं.

शेखरला ते माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. माझं वावर डांबरी सडकेला लागून आहे आणि त्याचा मागचा धुरा उत्तमरावच्या वरच्या वावराला भिडतो. माझ्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात सालदारी करून ते घेतलं. उत्तमरावचा ट्रॅक्टर दर हंगामात माझ्या वावराच्या कडेनं जायचा. कडेच्या दोन तासांत, दोन ओळींत, मी पेरत नव्हतो, पेरलं तरी हाती लागत नव्हतं. त्यानं कधी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच त्याला वाटत नव्हतं. त्याच्या बापाला माझ्या बापाला विचारावं लागलं नव्हतं, त्याला मला कशाला लागेल? माझी बायको पंचफुला म्हणायची, "आपल्या छातीवरून टॅक्टर नेते अन् समोर भेटला तं मान दुसरीकडं करते." मी म्हणायचो, जाऊ दे.

पोळ्याच्या तोंडावर चहाच्या टपरीवर दोघं भाऊ पुन्हा भिडले. दहा-पंधरा माणसं होती. मीही होतो.

"लय उडते ना तुहं डुक्कर?" उत्तमराव म्हणाला. "मंग उडव नालीवरून. पोयाच्या दुसऱ्या दिवशी, साऱ्या गावासमोर. तुह्या घरचं डुक्कर नालीपार गेलं तं नाली म्या माह्या हातानं बुजवतो. नाई गेलं तं बरड माह्या नावानं करून दे."

माणसानं अशा वेळी चहा प्यावा आणि घरी जावं. पण शेखरला तेवढी अक्कल असती तर त्यानं वाटणीत बरड घेतला नसता.

"कबूल," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याच्या घरात चूल पेटली नाही. इंदूबाईचा आवाज आमच्या पुऱ्यापर्यंत, गावाच्या टोकाच्या वस्तीपर्यंत ऐकू येत होता. "बरड तुमी लावला काय पैजीवर? कोण्या झाडाले तुमी पाणी घातलं, दाखवा मले. एक झाड दाखवा."

शेखरकडं दाखवायला झाड नव्हतं.

मग बापलेक कामाला लागले. नालीच्या दोन्ही अंगांनी त्यांनी मुरमाचे उतार रचले, पाणी मारून, धुमसानं ठोकून. एका बाजूनं चढायचं, दुसऱ्या बाजूच्या उतारावर पडायचं. पांदण सरकारी, त्यामुळं उत्तमरावला अडवता येईना. तो आपल्या धुऱ्यावर बसून नुसता पाहायचा आणि थुंकायचा.

पहिली उडी शेखरनं घेतली. शेखर अंगानं गोणीसारखा. डुक्कर नालीच्या मधीच बसलं आणि पुढचा आस वाकला. गाडी बायामाणसांनी ओढून गावाकडच्या काठावर काढली. दुसरी उडी, आस सरळ केल्यावर, रागिणीनं गावाकडून बरडाकडं घेतली. गाडी पार गेली, पण पुढची चाकं उताराच्या वर आपटली आणि स्टेअरिंगनं उलटा झटका मारला. तिचं मनगट मोडलं. पातूरला जाऊन प्लास्टर घालून आली.

दोन दिवसांवर पोळा. बाप जड, पोरीचा हात गळ्यात. शेखर ओसरीवर डोकं धरून बसला होता. मी आणि पंचफुला बघायला गेलो होतो.

"मी दादाच्या पाया पडतो," शेखर म्हणाला. "मनतो, पोरीचा हात मोडला, पैज मोड."

"तो मोडीन काय?" मी विचारलं.

"नाई."

इंदूबाई परातीत तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी आणखी हलकी होते काय?"

शेखरनं डोकं वर केलं.

"रागिणी, तुले इचारून राहिली."

"मांगची पेटी काढली तं होईन," रागिणी म्हणाली. "पण आई, नाली मंजे बरडावरचा ढीग नाई."

"मले माईत हाये नाली काय हाये. रोज उतरून चढतो म्या तिच्यातून, डोक्शावर टोपलं घेऊन." तिनं तांदळातला खडा अंगणात फेकला. "स्टेअरिंगनं झटका मारला तं अंगठे आत ठेवाचे की बाहेर?"

"बाहेर," रागिणी म्हणाली. "अंगठे आत ठेवले मनूनच माहं मनगट गेलं."

शेखर उभा राहिला. "मी नाई बसू देणार तुले."

"तुमाले कोणं इचारलं?" इंदूबाई म्हणाली. "तुमी बरड लावताना मले इचारलं होतं काय?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांदणीत जत्रा भरली. बैलांच्या शिंगांना बेगड अजून तसंच होतं. पोरं झाडांवर, बाया धुऱ्यावर. आमच्या पुऱ्यातलीही सगळी माणसं आली. उत्तमराव नालीच्या काठावर खुर्ची टाकून बसला होता. त्याचा पोरगा गोपाल बाजूला, आणि बायको माणिकबाई थोडी मागं, तोंडाला पदर लावून.

पलीकडं डुक्कर सुरू झालं. धुरळ्यातून गाडीत कोण आहे ते आधी कळेना. मग लुगड्याचा हिरवा रंग दिसला. काष्टा घातलेला, डोक्यावर रागिणीचं हेल्मेट.

माणसं कुजबुजायला लागली. लग्न होऊन आल्यापासून इंदूबाईनं थोरल्या दिरासमोर कधी पदर ढळू दिला नव्हता. त्याच्याशी एक शब्द कधी समोरून बोलली नव्हती. रीतच आहे ती. आणि आज ती त्याच्यासमोर काष्टा मारून गाडीत.

ती उताराकडं आली आणि उताराच्या पायथ्याशी थांबली. हिंमत गेली असं सगळ्यांना वाटलं. उत्तमराव हसला. "झालं," म्हणाला. पण तिनं नुसता अंदाज घेतला होता. गाडी वळवली, पार मागं नेली, सीताफळाच्या पहिल्या रांगेपर्यंत. मग तिथून सोडली.

इंजिनचा आवाज आला तो वाढतच गेला. शेखरनं डोळे मिटले. रागिणीनं नाही मिटले, ती ओठानं "आता, आता" करत होती. डुक्कर उतारावर चढलं आणि सुटलं. नालीच्या वर चारी चाकं मोकळी फिरताना मी पाहिली. मग मागची चाकं आधी टेकली, मग पुढची, मुरूम उडाला, आणि गाडी उतारावरून घसरत गर्दीच्या तोंडाशी येऊन वाकडी थांबली. इंजिन बंद पडलं.

मग झाडावरच्या पोरांनी गिल्ला केला. रागिणी नालीतून धावत उतरून चढली आणि एका हातानं आईच्या गळ्यात पडली. इंदूबाईच्या ओठातून रक्त येत होतं, दात लागले होते. तिनं हेल्मेट काढलं, पट्टा सोडला.

शेखर नालीच्या काठावरून म्हणाला, "दादा, फावडं आण."

उत्तमराव खुर्चीतून उठला. खुर्ची घडी केली, गोपालच्या हातात दिली.

"पैज माही तुह्यासंगं होती," तो म्हणाला. "बाईची उडी म्या धरत नाई."

"तुमी 'तुह्या घरचं डुक्कर' मनले होते," मी म्हटलं. "मी होतो तठी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत बहुतेक पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तू भावाभावात बोलू नको, देवमन. तुहं काय काम हाये अठी?"

गर्दीत पन्नास माणसं होती. ज्यांनी टपरीवर पैज ऐकली, तीही होती. कोणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतं, कोणी आभाळाकडं पाहत होतं. उत्तमरावच्या ट्रॅक्टरवाचून कोणाचं चालत नव्हतं. एकटी माणिकबाई हळूच म्हणाली, "अवो, शब्द देल्ला होता." तो म्हणाला, "तू घरी चाल."

तेव्हा इंदूबाई बोलली. पदर न घेता, तोंडावर.

"राहू द्या भाऊजी. नका बुजवू. आमची गाडी वरून जाते."

आणि खरंच तसं झालं. त्या दिवसानंतर ती माणसं नाली ओलांडून राहिली. सकाळी बरडाकडं उडी, सांजच्याला घराकडं उडी. टोपली डोक्यावरून नाली पार करायची, रिकामी गाडी वरून. रागिणीचं प्लास्टर निघालं तशी ती, नाहीतर इंदूबाई. लोक पाहायला थांबायचे, मग थांबेनासे झाले. उत्तमराव तेवढा थांबायचा.

मी त्याच आठवड्यात बोरीच्या काट्या तोडल्या आणि माझ्या वावराच्या दोन्ही तोंडांना फास टाकून वाट बंद केली. पंचफुलानं काट्या ओढायला मदत केली. काम झाल्यावर पायातला काटा काढत बसली.

सोयाबीन कापणीला आलं. उत्तमरावनं माणसं लावून कापून वरच्या वावरात गंजी घातली. मळणी यंत्र सांगितलं होतं, ते आज येतो उद्या येतो करत आलं, तोवर घाटावर ढग जमायला लागले. परतीचा पाऊस आमच्याकडं असाच येतो, काढणीच्या मानेवर बसायला.

त्या सकाळी ट्रॅक्टरमागं मळणी यंत्र जोडून गोपाल माझ्या वावराच्या तोंडाशी आला. पुढं उत्तमराव. काट्या पाहून थांबला. मी आत धुऱ्यावर बसलो होतो, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर.

"गोपाल, ह्या काट्या कोणं टाकल्या इचार," तो मोठ्यानं म्हणाला. माझ्याकडं न पाहता.

"म्या टाकल्या," मी म्हटलं. "वावर माहं हाये."

"टॅक्टर जायाचा हाये मनून सांग त्याले."

गोपाल बिचारा कोणाला काय सांगणार. आम्ही तिघं तिथंच होतो. मी उठलो. चपला घातल्या.

"उत्तमभाऊ," मी म्हटलं, "इचारून जा. काट्या मीच उचलतो. पण इचारून जा."

ढग घाटाच्या निम्म्यावर उतरले होते. वारा थंड सुटला. गोपाल खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, इचारा ना. काय जाते." उत्तमरावनं माझ्याकडं तोंड वळवलं. मला वाटलं बोलतो. मी काट्यांकडं दोन पावलं टाकलीही.

त्यानं ट्रॅक्टर वळवायला सांगितलं.

पांदणीत जाऊन त्यानं सदरा काढला आणि फावडं घेतलं. गोपाल, गोपालची बायको वर्षाली, माणिकबाई, सगळं घर नाली बुजवायला लागलं. जेसीबी बोलवायला वेळ नव्हता. घमेल्यानं मुरूम ओतत होते, इंदूबाईच्याच उतारांचा. वरच्या बाजूला इंदूबाई आणि रागिणी सीताफळांची टोपली घेऊन डुकरात बसून होत्या. माणिकबाईचं घमेलं हातातून सुटलं, तेव्हा इंदूबाई उतरली, ते उचललं, भरलं, ओतलं आणि परत जाऊन बसली. एकच.

दुपारी पंचफुलानं भाकर आणली. आम्ही धुऱ्यावर बसून पांदणीकडं पाहत होतो.

"त्यानं इचारलं असतं तं?"

"जा मनलं असतं."

"मंग तुमी आपणच काहून नाई मनले, जा मनून?"

"तेच तं करून राहिलो होतो इतके दिवस," मी म्हटलं.

नाली बुजली. मळणी यंत्र कसंबसं पार गेलं आणि गंजीपाशी लागलं, तेव्हा पहिले टपोरे थेंब पडले. अर्धी गंजी निघाली, अर्धी भिजली. भिजलेल्याला पुढं कोंब आले.

पाऊस पडत असतानाच इंदूबाईनं डुक्कर चालू केलं आणि ओल्या भरावावरून सावकाश खाली आणलं. उत्तमराव कडेला उभा होता, कोपरापर्यंत चिखल. तिनं गाडी थांबवली नाही, वेगही वाढवला नाही. तो बाजूला झाला.

काट्या मी दिवाळीनंतर काढून टाकल्या. जाळायला झाल्या. माझं वावर आता मोकळं आहे, सडकेपासून धुऱ्यापर्यंत. उत्तमराव तरी त्यातून जात नाही. ट्रॅक्टर घेऊन तो गावाला वळसा घालतो आणि पांदणीनं वर चढतो. कडेच्या त्या दोन तासांत मी यंदा हरभरा पेरला. बरा आला.